आबांच्या पायाखालची फरशी

बाळांनो, डोळे मिटा आणि माझ्याबरोबर कल्पना करा. भाद्रपद लागलाय, पण पाऊस हटायला तयार नाही. दाराआड तुमचा जुना बूट पडलाय, कधीपासून कुणास ठाऊक. मोजा न घालता त्यात पाय घाला. आत ओल आहे. गार आहे, बुळबुळीत आहे. पुढे अंगठ्याला काहीतरी मऊ लागतं. तुम्ही जरा दाबून बघता. ते हलतं.

शी! पाय झटकन बाहेर काढलात ना? काढणारच. कारण तुमच्या पायाला कळलं. पायानं डोक्याला बातमी दिली आणि डोक्यानं पाय मागे ओढला. आता असा एक पाय मनात आणा, जो बातमी देतच नाही. बुटात गोगलगाय असो, काच असो की निखारा असो, तो आपला गप्प बसतो.

अंबाजी आबांचे दोन्ही पाय तसे झाले होते. साखरेचा आजार जुना झाला की काही माणसांच्या पायांतली जाणीव हळूहळू मरते. पाय दिसतो, चालतो, पण टोचलं, कापलं, भाजलं तरी त्याच्या मालकाला पत्ता लागत नाही.

आबांचं घर मळवलीजवळ, भातखाचरांच्या कडेला. घरात मुलगा सत्यम, सून सविता आणि सहावीत शिकणारी नात राजेश्वरी. तिला सगळे राजी म्हणायचे. सत्यम शेती करायचा आणि जवळच असलेला, शनिवार-रविवारी पाहुण्यांनी भरणारा एक मोठा बंगला सांभाळायचा.

मागच्या पावसाळ्यात एका सकाळी राजी आबांना चहा द्यायला गेली. आबा जमिनीवर वाकळ अंथरून गाढ झोपले होते. वाकळीच्या पायथ्याशी लाल डाग होता, आणि आबांच्या डाव्या पायाचा अंगठा कडेनं कुरतडलेला होता. पेरूचा घास घ्यावा तसा. रात्री उंदीर येऊन पोट भरून गेला होता आणि आबांना साधी कूस बदलावीशीही वाटली नव्हती.

चहा राजीच्या हातून सांडला. पुढे कितीतरी दिवस त्या अंगठ्याचा वास घरभर फिरायचा. पट्टी सोडली की खाली हिरवट पिवळं काहीतरी असायचं, आणि राजीला समोर आलेल्या भाकरीलासुद्धा तोच वास यायचा. शेवटी अंगठा काढावा लागला.

लोणावळ्याच्या डॉक्टरीणबाईंनी तेव्हा सत्यमला बजावून सांगितलं, "या पायाला आता आणखी एक जखम झाली, तर बोटावर भागणार नाही. पाऊल जाईल. पाय कोरडा ठेवायचा, उंदीर-घुशींपासून लांब ठेवायचा. आणि रोज संध्याकाळी घरातल्या कुणीतरी तो डोळ्यांनी बघायचा. तळवा, टाच, बोटांच्या बेचक्या. त्यांना कळत नाही, म्हणून तुम्ही बघायचं."

हे बघायचं काम राजीवर आलं. तिची नजर तीक्ष्ण, आणि संध्याकाळी आई चुलीपाशी तर वडील धारा काढायला गोठ्यात. राजीनं मान डोलावली. पण खरं सांगायचं तर तिच्याच्यानं ते होईना. पायाचा विचार आला की तिला तो कुरतडलेला पेरू दिसायचा. मग ती दारातूनच विचारायची, "आबा, पाय बरा हाय ना?"

"बरा हाय की," आबा म्हणायचे. त्यांना तर तो बराच वाटायचा!

आईनं विचारलं, "बघितला का गं?" की राजी म्हणायची, "बघितला."

तर असा तो पाय होता आणि अशी ती राखणदारीण. आता फरशीकडे येऊ.

मावळातल्या पावसाळ्यात घर आतून सडायला लागतं. कपाटातल्या चपलांवर हिरवी लव येते. भिंतीला हात टेकला की हात ओला होतो. चटई उचलली की खाली वाणी किडे वेटोळी करून बसलेले असतात, आणि एखादा पायाखाली आलाच तर कडकन फुटतो. आबांच्या खोलीत जुना सिमेंटचा कोबा होता. त्याला भेगा पडल्या होत्या आणि त्या भेगांमधून पावसाळाभर पाणी पाझरायचं. डॉक्टरीणबाई कोरडा पाय मागत होत्या आणि इथे आबांच्या बोटांच्या बेचक्या पांढऱ्याफटक, भिजलेल्या पावासारख्या झाल्या होत्या.

सत्यम सांभाळत होता त्या बंगल्यात मालकांनी फरशीखालून ऊब देणारी यंत्रणा बसवली होती. तारेची एक जाळी असते, ती जमिनीवर पसरतात, वरून सिमेंटचा थर देतात आणि त्यावर फरशी. बटण दाबलं की तार तापते आणि जमीन उबदार होते. काम झाल्यावर जाळीचं एक अख्खं भेंडोळं उरलं होतं. मालक म्हणाले, "सत्यम, घेऊन जा, इथे अडगळ नको." जाळीबरोबर बंगल्याच्या कोठीतलं बाकीचं उरलंसुरलंही निघालं. गालिचा, प्लास्टिकची शीट, लाकडी पट्ट्या, शहाबादी फरश्या. सत्यमनं ते सगळं टेम्पोत घालून घरी आणलं. खाली काय घालायचं ते ठरलं होतं. वर काय घालायचं ते ठरायचं होतं.

बंगल्याची जाळी बसवणारी सारिका लोणावळ्याची. ती रविवारी मोटारसायकलवरून आली, पडवीतला तो ढीग बघितला आणि नाकाला रुमाल लावला.

"सत्यमभाऊ, हे सामान आहे की उकिरडा?"

"बंगल्यातलं हाय, ताई. भारीतलं."

"भारीतलं असेल. पण कुजलंय."

मग ती ओट्यावर बसली आणि राजीला जवळ बोलावून म्हणाली, "हे बघ राजेश्वरी. खालून ऊब देणाऱ्या जमिनीवर काय घालायचं हे ठरवताना मी तीन गोष्टी बघते. ऊब वरपर्यंत येऊ देतं का? ओलीनं आणि उबेनं फुगतं, वाकतं का? आणि तापल्यावर घाण सुटते का? आपण इथेच बघू."

तिच्याकडे बाथरूमसाठीची एक छोटी जाळी होती. ती तिनं सिमेंटच्या फळीवर बसवून वरून पातळ थर देऊन आणली होती. पडवीत फळी ठेवली, वायर जोडली, आणि एकेक तुकडा त्यावर ठेवायला सुरुवात झाली. आबा खांबाला टेकून बघत होते. घरात परीक्षा चालली होती आणि पेपर त्यांच्या पायाचा होता.

पहिला गालिचा. करड्या रंगाचा, जाड, मांजरासारखा मऊ. सवितानं त्यावरून हात फिरवला आणि म्हणाली, "किती छान लागतंय! आबांच्या पायाला गादीवानी."

थोड्या वेळानं सारिकानं राजीचा हात गालिच्यावर ठेवला. गार. मग गालिच्याखाली घातला. राजीनं हात मागे ओढला. खाली चांगलंच तापलं होतं.

"बघितलंस? गालिचा म्हणजे पांघरूण. थंडीत तू पांघरूण घेतेस तेव्हा तुझी ऊब आत कोंडते. तशी याच्याखाली जाळीची ऊब कोंडली. वरच्या माणसाला काही मिळत नाही, खाली मात्र ताप वाढत जातो."

तेवढ्यात वास सुटला. त्या गालिच्यानं बंगल्यात इतकी वर्षं जे जे पिऊन ठेवलं होतं, ते तो आता परत करायला लागला. आधी शिळी बिअर. मग तेलकट रस्सा. मग कुत्र्याचं मूत. आणि सगळ्यात शेवटी आंबूस, गरम, घशात उतरणारं असं काहीतरी, की सविता पदर तोंडाला लावून अंगणात पळाली.

"ही थर्टी फर्स्टची वकारी," सत्यम शांतपणे म्हणाला. "मीच पुसली व्हती. समदी निघाली आसं वाटलं व्हतं."

आबा खांबापासून म्हणाले, "सत्या, हे माज्या खोलीत घातलंस तर मी गोठ्यात म्हशीपाशी जाऊन निजंन. तिला वास बरा येतो."

दुसरी प्लास्टिकची शीट. वरून हुबेहूब सागवान, चकचकीत. बंगल्यातून उचकटून काढलेली होती, त्यामुळे मागे जुना गोंद तसाच. तापल्यावर तो पातळ होऊन कडेनं बाहेर यायला लागला, पिवळा आणि तार धरणारा, सर्दी झालेल्या मुलाच्या नाकातून येतो तसा. त्यात मुंग्या चिकटल्या होत्या, केस चिकटले होते, आणि एका कोपऱ्यात पालीचं वाळलेलं पिल्लू चारी पाय पसरून बसलं होतं. वर शीटच्या कडा उलटून वर आल्या. जळक्या प्लास्टिकचा वास सगळ्यांच्या जिभेवर बसला.

"प्लास्टिक सगळंच वाईट असं नाही हं," सारिका खोकत खोकत म्हणाली. "उबेसाठी मुद्दाम बनवलेलं मिळतं, बेतानं तापवलं तर टिकतं. पण ते कंपनीला विचारून घ्यायचं. हे असलं अनाथ नाही."

तिसऱ्या लाकडी पट्ट्या. म्हणजे वरून लाकडाचं चित्र आणि आतून दाबलेला भुसा. कोठीत ओलीनं त्या फुगल्या होत्या. राजीनं बोटानं दाबलं तर चहात बुडवलेल्या बिस्किटासारखं बोट आत गेलं आणि तपकिरी पाणी वर आलं. पट्टी उलटी केली. मागे पांढरी बुरशी, केसाळ, आणि त्या केसांमधून चंदेरी कसर सळसळत इकडून तिकडे. राजीनं बोट आधी परकराला पुसलं, मग मातीत घासलं, मग साबणानं धुतलं, आणि तरीही दिवसभर ते बोट तिनं ताटाला लावलं नाही.

आता आबा बोलले. "तुमचं झालं आसंल तर माजं आयका. शेणानं सारवा. जलमभर माजा पाय तिच्यावर वाढला. शेणाची जमीन पायाला वळखती."

कुणी हसलं नाही. सवितानं गोठ्यातून ताजं शेण आणलं आणि फळीच्या एका भागावर हातानं सुरेख सारवलं. आधी वास ओळखीचा आला आणि आबांचा चेहरा खुलला. पण खालून ऊब लागली तसं ते शेण घाईघाईनं सुकलं, त्याला चिरा गेल्या, आणि पापडासारखे तुकडे वर आले. एका तुकड्याखाली पांढरी, गुबगुबीत अळी ऊब घेत वळवळत होती. वाऱ्याची झुळूक आली आणि सगळं पीठ होऊन सगळ्यांच्या नाकातोंडात गेलं.

सविता शिंकत म्हणाली, "आबा, डॉक्टरबाईंनी सांगितलंय, जखमेच्या पायाजवळ शेण न्हाई चालायचं. धनुर्वात व्हतो. आन् तुमच्या पायाला चीर कदी पडंल ते तुमालाबी न्हाई कळायचं."

आबांनी फळीकडे बघितलं. "व्हय," एवढंच म्हणाले.

राहिली शहाबादी. बंगल्याच्या मागच्या अंगणातल्या उरलेल्या फरश्या, करड्या-निळ्या, साध्या. आबा लगेच म्हणाले, "हिला तर पावसात घाम येतो. आमच्या जुन्या घरात लोकं घसरून पडायची."

"घाम का येतो?" सारिकानं राजीला विचारलं. मग तीच सांगायला लागली. "गार ग्लासला बाहेरून पाणी येतं ना? तसंच. फरशी गार असते, हवेतली वाफ तिच्यावर पाणी होऊन बसते. फरशी गारच राहिली नाही तर?"

"तर न्हाई बसणार."

फरशी तापायला वेळ लागला. सारिकाचा चहा पिऊन झाला तरी ती गारच. मग हळूहळू दगडातून ऊब वर आली, सगळीकडून सारखी. राजीनं तांब्यातलं पाणी शिंपडलं. थेंब बसले, आकसले आणि पाठोपाठ नाहीसे झाले. वास आला नाही. कड वाकली नाही. आबांनी पुढे सरकून आपला तळहात तिच्यावर ठेवला आणि तसाच ठेवून राहिले.

"हाताला तरी अजून कळतंय," ते म्हणाले. "बरी हाय ही."

जुना कोबा उकरला. त्यातून उंदराचं एक बीळ निघालं आणि बिळातून आबांच्या हरवलेल्या टोपीच्या चिंध्या. ते काचा आणि सिमेंट घालून बुजवलं. ओल वर येऊ नये म्हणून जाड प्लास्टिकचा कागद, त्यावर ऊब खाली जाऊ नये म्हणून फोमच्या कडक फळ्या, त्यावर जाळी, थर, आणि शहाबादी. थर पुरता वाळेपर्यंत सारिकानं बटणाला कुणाला हात लावू दिला नाही. जाताना तिनं सगळ्यांना खोलीत उभं केलं.

"ऐका. पाय ठेवल्यावर गरम लागायला नको. गार लागत नाही, एवढंच. डॉक्टरांशी मी बोललेय, त्यांनी याहून वर जाऊ नका म्हणून सांगितलंय. फरशी किती तापली ते मोजणारा सेन्सर इथे दारापाशी आहे, फक्त इथे. खोलीत दुसरीकडे तुम्ही जाड काही अंथरलंत तर त्याच्याखाली काय चाललंय ते याला कळणार नाही. आबांना खाट द्या. पायांची, खालून वारा जाणारी. फरशी उघडी राहू दे."

"व्हय व्हय," सगळे म्हणाले.

आणि खोली खरोखर सुधारली! भिंती सुकल्या. वाणी गेले. आबांच्या बेचक्या कोरड्या दिसायला लागल्या असणार. राजीनं बघितल्या नव्हत्या, पण तसं वाटत होतं.

पण बाळांनो, चूक कुठे झाली ते आता नीट बघा. सविताच्या घरात म्हातारं माणूस उघड्या फरशीवर बसतं का? नाही बसत. साधा पाहुणा आला तरी आपण आधी काहीतरी अंथरतो आणि मग "बसा" म्हणतो. आबा रात्री खाटेवर झोपायचे, पण दिवसा त्यांना खाटेवर बसणं म्हणजे दवाखान्यात असल्यासारखं वाटायचं. ते खाली बसून वाल सोलायचे, कोयत्याला मूठ बसवायचे. म्हणून सवितानं कोपऱ्यात वाकळ अंथरली. दुहेरी, तिच्यावर घोंगडी. आदरानं अंथरली. आबा तिच्यावर बसायचे आणि पाय वाकळीच्या घडीत खुपसून ठेवायचे, कारण तिथे फार छान ऊब होती. सकाळपासून संध्याकाळपर्यंत. घरातल्या एकालाही पडवीतला गालिचा आठवला नाही.

आणि राजी दारातून विचारत होती, "आबा, पाय बरा हाय ना?"

"लय बरा हाय."

मग एके दिवशी खोलीत वास यायला लागला.

आधी बारीक, गोडसर. दुसऱ्या दिवशी असा, की सवितानं आबांचं जेवण ओसरीवर वाढलं. उदबत्ती लावली तर उदबत्तीचा आणि त्याचा मिळून तिसराच काहीतरी भयंकर वास झाला. माश्या आल्या.

सत्यम नाक दाबून खोलीत फिरला आणि म्हणाला, "फरशीखाली उंदीर मेलाय. बीळ नीट बुजलं न्हाई. उबंनं शिजतोय तितं." तो जाऊन छिन्नी-हातोडा घेऊन आला. "आबा, उठा जरा. हा कोपरा फोडतो."

"अरे नव्या फरशीला..."

"नवी आसली म्हणून मेला उंदीर पाळायचा का घरात?"

राजी शाळेतून नुकतीच आली होती, दप्तर पाठीलाच. ती दारात उभी राहिली. वास तिच्यापर्यंत आला, आणि तो वास तिला माहीत होता. घरात बाकी कुणाला आठवत नसेल, पण गेल्या वर्षी तिच्या भाकरीला हाच वास यायचा.

ती आत गेली. फरशीवर गुडघे टेकले आणि कोपऱ्याजवळच्या सांध्याला नाक लावलं. दगडाचा वास, सिमेंटचा वास. बाकी काही नाही. मग तिनं नाक वाकळीकडे नेलं. वास तिथून येत होता.

"पप्पा, फोडू नका. उंदीर न्हाई."

तिनं घोंगडी ओढली. वाकळीची घडी उघडली. आतली बाजू नुकत्याच काढलेल्या भाकरीच्या टोपलीसारखी गरम आणि दमट होती. आणि आबांची टाच तिला चिकटलेली होती. फोड येऊन कधीच फुटला होता. कातडी पांढरी, सुरकुतलेली, दुधावरच्या सायीसारखी सुटून आली होती. खाली लालभडक, मधे पिवळा पू, आणि त्यात वाकळीचे दोरे अडकलेले. एक माशी तिथून उठली, फिरली आणि परत तिथेच बसली.

छिन्नी सत्यमच्या हातात तशीच राहिली. "राजे," तो म्हणाला, "काल तू पाय बघितला व्हतास ना?"

"न्हाई."

"आन् परवा?"

"कदीच न्हाई बघितला," राजी म्हणाली. "मला घाण वाटती. मी दारातून इचारायची."

सविताचा हात वर गेला होता, पण आबांनी तिला थांबवलं. ते आपल्याच टाचेकडे वाकून बघत होते, दुसऱ्या कुणाची वस्तू बघावी तसे. "पोरीला मारू नगंस. वाकळ कुणी आंथरली? आन् पाय कुणी घातला तिच्यात? जाड काय आंथरू नगा म्हणून त्या सारिकानं चांगलं सांगितलं व्हतं." मग ते हळू आवाजात म्हणाले, "सत्या, पाऊल जातंय का रं आता?"

सत्यमनं भिंतीवरचं बटण बंद केलं आणि गाडी काढायला धावला.

लोणावळ्याच्या दवाखान्यात डॉक्टरीणबाईंनी बराच वेळ टाच साफ केली. मेलेली कातडी कापून ट्रेमध्ये टाकली. एकेक दोरा चिमट्यानं ओढून काढला. राजी बाकावर बसून भिंतीवरच्या बाळाच्या चित्राकडे बघत होती. तरी चिमटा ट्रेला लागला की आवाज ऐकू यायचा, आणि प्रत्येक आवाजाला ती थुंकी गिळायची.

"हाडापर्यंत गेलेलं नाही," डॉक्टरीणबाई शेवटी म्हणाल्या. "आणखी दोन दिवस त्या वाकळीत राहिला असता, तर मला असं म्हणता आलं नसतं. पाऊल वाचेल, पण अजून वाचलेलं नाही. ते आता तुमच्या हातात आहे. फरशी चांगली आहे, तिला काही करू नका. तिच्यावर अंथरूण घालू नका. आणि ही जखम रोज उघडायची, धुवायची, बघायची. कोण करणार?"

"मी करंन," सत्यम म्हणाला.

"भाताची कापणी आली की तुम्हाला वेळ मिळेल?"

सत्यमनं सविताकडे बघितलं. सविता पदराचं टोक पिळत राहिली.

आबा भिंतीकडे तोंड करून म्हणाले, "पोरीला सांगू नगा, बाई. तिला घाण वाटती."

"वाटते का गं?" डॉक्टरीणबाईंनी विचारलं.

राजीनं ट्रेकडे बघितलं. पांढरी कातडी, पिवळं पाणी, वाकळीचे दोरे.

"वाटती," ती म्हणाली. "लय वाटती."

मग ती उठली. आधी बाहेर गेली आणि दवाखान्याच्या मागच्या गटाराशी ओकली. चूळ भरली. परत आत येऊन बेसिनवर साबणानं हात धुतले, कोपरापर्यंत. डॉक्टरीणबाईंनी पुढे केलेले हातमोजे तिला मोठे होत होते, बोटांची टोकं रिकामीच लोंबत होती. तिनं ते वर ओढले, तोंडानं श्वास घ्यायला लागली, आबांच्या समोर जमिनीवर बसली आणि त्यांचा पाय मांडीवर घेतला. आणि करंगळीपासून सुरुवात करून एकेक बेचकी फाकवून ती बघायला लागली.